जिथे कुणीच पीत नाही अशा घरची बिअर

जानेवारी आला की आमच्या कात्रजच्या सोसायटीत हुरड्याची साथ येते. कुणी कुठे खाल्ला, कुणाला किती कोवळा मिळाला, हे लिफ्टमध्ये एकमेकांना सांगणं सुरू होतं आणि ज्यांनी अजून खाल्ला नाही त्यांच्याकडे लोक दयेनं बघतात. गेल्या वर्षी त्या दयेचा आम्हाला कंटाळा आला. श्रीकांत, म्हणजे माझे यजमान, फोन घेऊन बसले. कुणाच्या तरी मेसेजमधून त्यांना दिवे घाटाच्या पायथ्याजवळच्या एका शेताचा नंबर मिळाला होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ते संभाषण मला अजून पाठ आहे.

"धान्य ताजं आहे ना?"

"हो काका, सगळं घरीच करतो."

"बसायची सोय?"

"बाजेवर. सावलीत."

"सोबत काय असतं?"

"शेंगदाण्याची चटणी, शेव, खारे दाणे. तुमच्याबरोबर लहान मुलं नाहीत ना? त्यांना चालत नाही."

"नाहीत," श्रीकांत म्हणाले आणि फोन ठेवून मला म्हणाले, "चांगली शिस्तीची माणसं दिसतात. पोरांचा गोंधळ नको म्हणून आधीच विचारलं."

अशा रीतीनं आम्ही हुरडा खायला म्हणून बिअरच्या भट्टीवर गेलो. पुढे वर्षभरात आणखी चार वेळा गेलो. हा लेख त्या पाच फेऱ्यांचा आहे.

आधी रस्ता सांगते, कारण ब्लॉगवर सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. कात्रज-कोंढवा रस्त्यावर सकाळी आठच्या आत निघालात तर तुम्ही प्रवासाला निघालात, आठनंतर निघालात तर तुम्ही त्या रस्त्यावर राहायला गेलात. उंड्रीवरून हडपसर-सासवड रस्त्याला लागायचं. फुरसुंगी मागे टाकायची, वडकीत चहा घ्यायचा. चहा बरा असतो, वडापाव घेऊ नका. घाट सुरू व्हायच्या आधी डावीकडे कच्चा रस्ता आत जातो. गावाचं नाव मी देत नाही. तशी सूचना आहे, आणि ज्यांची आहे त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

शेताच्या तोंडाशी हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात हातानं लिहिलेली पाटी होती: 'कौटूंबीक बियर शेती'.

श्रीकांत चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. बियर हा शब्द दिसून माणूस दचकेल की नाही? ते गाडी थांबवून म्हणाले, "कौटुंबिकमध्ये दोन चुका आहेत."

"अहो, पुढचं वाचा."

"वाचलं. तीही चूक असणार. बियाणं म्हणायचं असेल."

मग त्यांनी गाडी आत घेतली आणि थेट मेथीच्या वाफ्यावर लावली.

त्या वाफ्याच्या पलीकडे बसलेले गृहस्थ म्हणजे तात्या. वय सत्तरच्या पुढे, पांढरी टोपी, अंगात स्वेटर. ते उठून आले आणि आमच्या गाडीकडे न बघता नुसतं मेथीकडे बघत म्हणाले, "लई चांगली आली व्हती."

श्रीकांत यांनी माफी मागायला हवी होती. ते म्हणाले, "पाटी कुणी रंगवली आहे?"

"म्या."

"कौटुंबिकमधला टु ऱ्हस्व, बि पण ऱ्हस्व."

तात्यांनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आदी गाडी काडा," ते म्हणाले.

यापुढे वर्षभर या दोन माणसांमध्ये जे काही झालं ते साधारण याच पातळीवर झालं.

बाजेवर बसवलं, चटणी आली, शेव आली, दाणे आले. हुरड्याच्या ऐवजी काचेचा ग्लास आला. त्यात तांबूस पिवळं काहीतरी आणि वर फेस. मला वाटलं, आंबवलेला उसाचा रस वगैरे काही असेल, हल्ली काहीही देतात. मी एक घोट घेतला.

इथे माझ्याविषयी सांगायला हवं. लोणची-मसाल्यांच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं चव बघायच्या कामावर होते. दिवसाला चाळीस चमचे तोंडात घ्यायचे, थुंकायचे आणि काय चुकलंय ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर जीभ काही निवृत्त होत नाही. कुणाच्या घरी गेले की माझ्या तोंडून निघून जातं. 'हळद जुनी आहे.' 'तेल दुसऱ्यांदा तापवलंय.' यामुळे मला जेवायला बोलावणारी घरं कमी होत गेली. सुनेनं तर एकदा आमटी वाढताना हात मागे घेऊन विचारलं होतं, "आई, खरंच वाढू?"

तर मी घोट घेतला, तो तोंडात फिरवला, बाजूच्या अळूत थुंकला आणि म्हणाले, "याला ओल्या गोणपाटाचा वास आहे. आणि पाणी उकळलेलं नाही, नुसतं तापवलंय."

ग्लास घेऊन आलेली मुलगी तिथेच मटकन बसली. तिचं नाव शुभदा. तात्यांची एकुलती एक मुलगी, बत्तीस वर्षांची. हिंजवडीतली नोकरी सोडून बिअर करायला शिकून आलेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे मी कुणाला तरी दुखावलं.

"काकू, परत सांगा," ती म्हणाली. "थांबा, वही आणते. दोन महिने मी हे विचारतेय. सगळे नुसतं छान छान म्हणतात!"

त्या घराची अडचण अशी होती की तिथे बिअर पिणारं कुणी नव्हतं. तात्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. त्यांच्या पत्नी, माई, वासावर सगळं ओळखत, पण ओठाला लावणार नाही म्हणत. शुभदाचा नवरा निखिल यवतमाळचा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा, सरळ स्वभावाचा माणूस. त्याला एका घोटात अंगभर पित्त उठायचं. बार्ली भाजून देणारे हडपसरचे फुटाणेवाले अन्वरचाचा, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. राहिली शुभदा. तर टाक्या बसल्या, परवाना आला, तो चौकटीत घालून देवघराच्या शेजारी लावला, आणि त्याच आठवड्यात तिला दिवस राहिले.

"डॉक्टर म्हणाल्या, थेंब नाही," शुभदा म्हणाली. "मी बिअर करते, काकू, पण ती कशी लागते हे मला माहीत नाही."

जेवताना बाकीचं कळलं. पिठलं, भाकरी, ठेचा. माणशी जे पैसे घेतात त्यात हे जेवण धरलेलं असतं, आणि नुसतं जेवायलाही जावं असं ते असतं. शुभदानं शेताच्या अर्ध्या एकरात बार्ली पेरली होती. तिथे आधी कांदा असायचा. तात्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती, आणि ती अट त्यांनी ताटावरून मान वर न करता आम्हाला ऐकवली.

"पाव्हना न्हाई, सोयरा न्हाई, गावचा न्हाई. परका मानूस पायजे. त्यानं सोताहून दुसरा गिलास मागायचा. पयला गिलास मानूस भिडेपायी घेतो. दुसरा मागितला, मंजी त्याला पायजेल हाय. या संक्रांतीपासून फुडच्या संक्रांतीपतुर एकानं जरी मागितला, तर भट्टी हिची. न्हाई तर टाक्या इकायच्या, आन परत कांदा."

"आणि मी?" शुभदा म्हणाली. "मी परत हिंजवडी. कंपनीच्या बसमध्ये."

मी श्रीकांतकडे पाहिलं. ते पाटीकडे बघत होते.

*

दुसऱ्यांदा गेलो ते मार्चमध्ये, शुभदाच्या फोनवरून. बार्ली कापून झाली होती आणि त्याच दिवशी नवीन बिअर चढवायची होती. वाचकांपैकी कुणाला पीक बघायचं असेल तर फेब्रुवारीत जा. आम्हाला नुसते सड बघायला मिळाले, आणि त्यात उभे राहून श्रीकांत यांनी फोटो काढून घेतला.

पाटी तशीच होती. मागच्या वेळी निघताना श्रीकांत यांनी खडूनं दोन्ही चुका दुरुस्त केल्या होत्या. तात्यांनी त्यावर नव्यानं रंग मारून पुन्हा तेच लिहिलं होतं, या वेळी अक्षर मोठं.

शेडमध्ये मोठ्या पातेल्यात भरडलेली बार्ली गरम पाण्यात मुरत होती. वास अगदी गोड, गव्हाचं सत्त्व शिजवताना येतो तसा. त्याचं पाणी काढून घ्यायचं, ते उकळायचं, त्यात कडू फुलं घालायची, गार करून यीस्ट टाकायचं, आणि मग वाट बघायची. कृती एवढीच. बाकीचं सगळं घासणं-धुणं. बिअर करणाऱ्या माणसाचा दिवस मुख्यतः भांडी घासण्यात जातो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या लोकांना इतकी वर्षं मोकाट समजले नसते.

अकराच्या सुमाराला बाहेर घोषणा ऐकू आल्या. "दारूची भट्टी, बंद करा! बंद करा!" पंधरा-वीस बायका कच्च्या रस्त्यानं येत होत्या, पुढे हिराबाई. हिराबाई म्हणजे गावातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, उंच, आवाज खणखणीत. मी घाबरले. श्रीकांत गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या.

मोर्चा शेडपाशी आला. पाच मिनिटं घोषणा झाल्या. मग हिराबाईंनी हात वर केला, सगळ्या थांबल्या. प्रत्येकीनं पदराखालून रिकामं पोतं काढलं आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या.

झालं होतं असं. गोड पाणी काढून घेतल्यावर बार्लीचा जो चोथा उरतो, तो म्हशींना फार आवडतो. पहिल्या मोर्चाच्या वेळी हिराबाईंची म्हैस मागोमाग आली होती, आणि निषेध चालू असताना ती चोथ्याच्या ढिगात तोंड घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दूध वाढलं. तेव्हापासून मंडळाचा निषेध बिअर चढवण्याच्या दिवशीच असतो.

"म्हणजे तुमचा विरोध आहे की नाही?" मी हिराबाईंना विचारलं.

"हाय की! माज्या घरात दारूनं काय केलं ते मला म्हाईत हाय." त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती. "ही गावात एक बाटली इकंल, तर शेड पेटवीन. हिनं गावाला न्हाई इकायचं, असं ठरलंय आमचं. आन ठरलं तसं चाललंय का, त्ये बघाया यावं लागतं. आता आलोच हाय, तर रिकामं कशाला जायाचं?"

मग त्या शुभदाला म्हणाल्या, "पुडला निषेद कवा गं?"

"पुढच्या मंगळवारी. पण सकाळी या ताई, ऊन ऊन नेलेला बरा."

"घोसना द्यायला येळ लागतो, त्ये धरून सांग."

शुभदानं वेळ धरून सांगितली. पातेलं ढवळता ढवळता ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काकू, गावाला विकायचं नाही, पाहुण्यांनी मागितलेलं धरायचं नाही, आणि बाहेरून येणाऱ्याला पुढे घाट चढायचा असतो. दुसरा ग्लास मागणार कोण?"

तिच्या पोटाकडे बघून मला एकदम काळजी वाटली. मी जानेवारीनंतर केलेल्या बिअरचा नमुना तोंडात घेतला, थुंकला आणि सांगितलं, "गोणपाट गेलं. आता केळ्याचा वास येतोय. कुठेतरी फार गरम होतंय."

तिनं लिहून घेतलं. श्रीकांत यांनी गाडीची काच थोडी खाली करून विचारलं, "गेल्या का?"

*

मे महिन्यात या भागात जाऊ नका. आम्ही गेलो, कारण 'फार गरम होतंय' हे माझंच निदान होतं आणि त्यावरचा उपाय बघायला शुभदानं बोलावलं होतं.

एव्हाना घरची बार्ली कामाला आली होती. तिला मोड आणायचं काम माईंचं. मटकीला आणतात तसे, ओल्या फडक्यात, गच्चीवर. कोंब किती लांब आला की थांबवायचं, हे शुभदानं परदेशी पुस्तकातून मिलिमीटरमध्ये सांगितलं होतं. माईंनी ते ऐकून घेतलं आणि नखानं बघून स्वतःला वाटलं तेव्हा थांबवलं. मोड अप्रतिम होते. मी दोन-चार तोंडात टाकले आणि म्हणाले, "यांची उसळ केली असती तरी चाललं असतं." माई म्हणाल्या, "केली. कालच. ह्यांना आवडली."

बिअर मुरताना गार लागते. त्या घरात वातानुकूलित खोली एकच होती, तात्या आणि माईंची झोपायची. जावयानं गेल्या वर्षी हौसेनं यंत्र बसवून दिलं होतं. आता तिथे पलंगाच्या शेजारी पुरुषभर उंचीची चकचकीत टाकी उभी होती, आणि तात्या-माई अंगणात झोपत होते.

टाकी बघायची तर पलंगावर बसावं लागतं. त्या दिवशी आमच्याशिवाय खराडीहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. आम्ही चौघं तात्यांच्या पलंगावर ओळीनं बसलो. भिंतीवर तात्यांच्या आई-वडिलांचे फोटो, समोर टाकी. टाकीतून हवा बाहेर यायची नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती, तिच्यातून दर थोड्या वेळानं बुडुक आवाज यायचा. दवाखान्यात कुणाला बघायला गेल्यावर बसतात तसे आम्ही बसलो होतो.

दारातून तात्या डोकावले. "कसं काय हाय?"

"शांत आहे," शुभदा म्हणाली.

"रातच्याला लई बुडबुड करत व्हती. बाहेरपतुर आवाज. तुजी आय दोनदा उठून बगून आली."

तो तरुण बाहेर बाजेवर ग्लास घेऊन बसला. संपवला. छान आहे म्हणाला. मी, शुभदा, माई, निखिल, सगळे त्याच्याकडे बघत होतो. तात्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर येऊन बसले. बिचाऱ्यानं आणखी थोडं घ्यावं की काय असा विचार केला असेलही, पण पाच माणसं श्वास रोखून आपल्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे बघत असताना कुणाला तहान लागेल? त्याला घामच आला. "किती झाले?" असं विचारून तो उठला.

"तुम्ही त्याला घाबरवलंत," मी म्हणाले.

"आमी काय केलं? बसलो तर व्हतो," तात्या म्हणाले.

श्रीकांत या सगळ्या वेळात चिंचेखाली त्यांचा थर्मास घेऊन बसले होते. गाडी चालवायची असल्यानं त्यांनी कधी थेंबही घेतला नव्हता. त्यांच्या आणि तात्यांच्या मध्ये त्या दिवशी एकच वाक्य झालं. तात्या म्हणाले, "चिचंखाली बसू नगा, मुंग्या हायत." श्रीकांत म्हणाले, "मला माहीत आहे," आणि तिथेच बसून राहिले.

*

चौथी फेरी श्रावणातली. शुभदाला मुलगी झाली होती. मी झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू घेऊन गेले. या भागात तेव्हा डोळे निवतील असं हिरवं असतं, पण कच्च्या रस्त्यावर चिखल होतो. छोटी गाडी असेल तर फाट्यावरच ठेवा आणि चालत जा. वीस मिनिटं लागतात, चपला हातात घेतल्या तर तीस.

बिअर तयार होती आणि उत्तम होती. मी चमचाभर तोंडात घेतली तेव्हा बराच वेळ काही सापडेना. शुभदा बाळाला मांडीवर घेऊन, उजव्या हातात पेन धरून बसली होती. शेवटी मी म्हणाले, "काही नाही." तिनं विचारलं, "काही नाही म्हणजे?" मी म्हणाले, "म्हणजे लिहिण्यासारखं काही नाही." तिनं वही मिटली आणि बाळाचा पापा घेतला.

पण श्रावणात कोण येणार? महिनाभर एकही गाडी आली नव्हती. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. शुभदा भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून मोजत होती. बिअर प्यायला मोकळे दिवस आपल्या वर्षात किती कमी असतात हे मी तोपर्यंत कधी बघितलंच नव्हतं.

"ऑक्टोबरच्या एका आठवड्यात सोमवार ते गुरुवार मोकळे आहेत," ती म्हणाली. "पण सोमवार ते गुरुवार येतंय कोण?"

त्या दिवशी निघताना माईंनी माझी ओटी भरली. तात्यांनी मला 'सुलभाताई' अशी हाक मारून घरची शेवग्याची शेंग दिली. श्रीकांत यांना त्यांनी काही दिलं नाही.

*

पाचवी फेरी संक्रांतीची. वर्ष संपायचा दिवस.

दिवाळीनंतर बरीच माणसं येऊन गेली होती, शुभदा फोनवर सांगायची. कुणी एक ग्लास घेऊन फोटो काढत बसलं, कुणाला घाट चढायचा होता, कुणी दुसरा मागितला पण तो निघाला माईंच्या मावसबहिणीचा जावई. तात्यांनी नातं शोधून काढेपर्यंत चौकशी केली होती. "परका न्हाई," असा निकाल दिला होता.

त्या दिवशी आम्ही बसनं गेलो. गाडी सर्व्हिसिंगला होती. कात्रजहून हडपसर, हडपसरहून सासवडची बस, घाटाच्या अलीकडे उतरायचं. गर्दीची तयारी ठेवा, पण गाडी लावायचा प्रश्न येत नाही.

शुभदानं हिंजवडीतल्या तिच्या जुन्या ऑफिसातल्या नव्या मुलांना बोलावलं होतं. तिनं सोडल्यावर लागलेली, म्हणजे तिला न ओळखणारी, ही तात्यांची अट. अकरा जण येणार होते. दीड वाजता निरोप आला की त्यांची बस चांदणी चौकातून दोन तास हललेली नाही. तीनला निरोप आला की ते परत फिरले.

मग अंगणात आम्ही घरचेच तेवढे उरलो. माईंनी तिळगूळ वाटला. निखिल बाळाला घेऊन उगाच फेऱ्या मारत होता. तात्या खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. कुणाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. टाक्या विकत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, हे मला माईंनी स्वयंपाकघरात सांगितलं.

मी शुभदाला म्हणाले, "मला एक ग्लास दे. चमचा नको, ग्लास."

वर्षभरात मी पहिल्यांदाच गिळली. बाजेवर बसून, सावकाश, पूर्ण. मग ग्लास पुढे केला आणि तात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "छान आहे. आणखी एक दे."

शुभदानं वडिलांकडे पाहिलं. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"न्हाई चालायचं, सुलभाताई," ते म्हणाले. "वरीसभर तुमी एकदाबी छान म्हनला न्हाई. आज म्हनला. मंजी तुमी आता घरच्या झाला."

तेवढ्यात चिंचेखालून आवाज आला.

"अहो, इकडेही कुणी बघणार आहे का?"

श्रीकांत यांच्या हातात रिकामा ग्लास होता. गाडी नव्हती म्हणून माईंनी त्यांना पहिल्यांदाच दिला होता, आणि आमच्या या सगळ्या गोंधळात त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"काय पायजे?" तात्यांनी खेकसून विचारलं.

"आणखी एक पाहिजे. आणि या वेळी भरून द्या. पहिल्यात अर्धा फेसच होता."

निखिल बाळासकट जागच्या जागी उभा राहिला. शुभदा अगदी हळू म्हणाली, "तात्या, काका?"

तात्या उठले. श्रीकांत यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुमची आमची वळख किती?"

"ओळख?" श्रीकांत म्हणाले. "वर्ष झालं, तुम्ही मला बसा म्हणाला नाहीत."

"पाटीचं काय?"

"दोन चुका आहेत."

तात्या वळले. "ह्यो परका हाय," त्यांनी जाहीर केलं. "ह्याच्याइतका परका मानूस म्या बगितला न्हाई. भर, पोरी, गिलास. काठापतुर भर."

शुभदा रडत होती आणि ग्लास भरत होती, त्यामुळे निम्मी बिअर जमिनीवर गेली. माई देवघरात गेल्या. श्रीकांत यांना कुणीच काही समजावून सांगितलं नाही. अटीची गोष्ट पहिल्या दिवशी ताटावर ऐकवली तेव्हा ते पाटी बघत होते. सगळे आपल्या एका ग्लासासाठी का रडताहेत हे न कळल्यामुळे ते जरा ओशाळून बसले, पण ग्लास त्यांनी संपवला.

*

जावं का? जरूर जा. आधी फोन करून जा, प्यायचा परवाना जवळ ठेवा, गाडी चालवणाऱ्यानं घेऊ नये आणि पाच माणसं टक लावून बघत असली तर घाबरू नका. आता कमी बघतात. बार्ली येत्या हंगामात एक एकरभर असणार आहे.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्हाला दोघांना जागा मिळाली नाही. हडपसरला बस बदलली, घरी पोचायला सात वाजले. दिवा लावला, चहा टाकला. श्रीकांत बाल्कनीतल्या खुर्चीत बसले होते, जिभेवर अजून काहीतरी घोळवत असल्यासारखे.

"काय झालं?" मी विचारलं.

"चांगली होती," ते म्हणाले. "पण शेवटी जरा जळकट लागते. भाजताना अर्धं मिनिट जास्त झालंय."

मी चहाचा कप तसाच हातात धरून उभी राहिले. बरोबर होतं. अगदी तेवढंच चुकलेलं होतं. पहिल्या घोटालाच मला ते कळलं होतं आणि मी बोलले नव्हते.

"तुम्हाला चव कळते?" मी म्हणाले.

"कळते की."

"मग चौतीस वर्षं मी काहीही वाढलं की 'छान आहे' म्हणता, ते?"

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला आणि एक घोट घेतला.

"ते वेगळं," ते म्हणाले.